माफी नाही, विरोधही नाही

मे 2020 च्या अखेरीस आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवर एक म्हातारा परत आला. त्या उन्हाळ्यात परतणारे पुष्कळ होते. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी देशभर पांगलेली माणदेशी माणसं मिळेल त्या वाहनानं गाव गाठत होती, आणि गाव प्रत्येकाला आधी शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवून मगच घरात घेत होतं. या म्हाताऱ्यालाही शाळेतच उतरवलं. बाकीच्यांना घरून डबे येत होते, लांबून का होईना, विचारपूस होत होती. याच्या खोलीकडं मात्र कुणी वळून पाहत नव्हतं. तो तुरुंगातून आला होता.

वस्तीवर त्यांना नाना म्हणत. 2007 साली चुलत भावाशी त्यांचं बांधावरून भांडण झालं होतं. वाद होता दीड हात रुंदीच्या पट्टीचा. शब्दाला शब्द लागला, हातात कुऱ्हाड होती, आणि भाऊ शेतातच गेला. नाना तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. भाऊ त्यांच्याहून बराच धाकटा. त्याच्या मागं बायको, दोन मुली आणि शाळेत जाणारा मुलगा. नानांना जन्मठेप झाली.

तेरा वर्षांत नाना दोनदाच घरी आले. एकदा बायकोच्या दहाव्याला, एकदा मुलाच्या लग्नाला. दोन्ही वेळा रजा संपली त्या दिवशी कारागृहाच्या दारात हजर. ही शिस्त पुढं कामी आली. कोरोनाच्या साथीत भरगच्च तुरुंग मोकळे करण्यासाठी 8 मे 2020 रोजी राज्य सरकारनं फर्लो आणि पॅरोल या कैद्यांच्या रजांबद्दलच्या 1959 च्या नियमांत दुरुस्ती केली. सात वर्षांहून मोठी शिक्षा असलेला कैदी आधीच्या दोन्ही रजांवरून वेळेवर परतला असेल, तर त्याच्या अर्जावर आकस्मिक पॅरोलचा विचार व्हावा, असं ठरलं. सुरुवातीला पंचेचाळीस दिवस, पुढं साथ असेतोवर तीस-तीस दिवसांची वाढ. अट एक: दर तीस दिवसांनी जवळच्या पोलीस ठाण्यात हजेरी. मोक्का, यूएपीए अशा विशेष कायद्यांखालचे कैदी यातून वगळले होते. नाना नियमात बसले. एकाहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, ते पिशवी घेऊन बाहेर पडले.

चौदा दिवस संपायच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात माणसं जमली. ग्रामदक्षता समिती होती, सरपंचबाई होत्या, पोलीस पाटील होते, सगळे हातभर अंतर सोडून. नाना खोलीच्या पायरीवर बसून होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

एक तरणा पोरगा म्हणाला, "परत धाडा त्यांना. खुनाचा माणूस वस्तीवर नको."

पोलीस पाटील म्हणाले, "परत धाडायचा अधिकार आपल्याला नाही. सरकारनं सोडलंय."

मग निवृत्त गुरुजी उठले. म्हणाले, "आपल्याच तालुक्यात स्वतंत्रपूर आहे, विसरू नका. 1939 साली औंधच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या इंजिनिअरच्या कल्पनेवरून खुनाच्या शिक्षेचे कैदी माळावर आणून ठेवले. ना भिंत, ना बेडी. बायकापोरांसह राहायचं आणि शेती करायची. त्याच माळावरून पुढं 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा सुचला. तो लिहिला गदिमांनी, म्हणजे आपल्याच मातीतल्या माणसानं. जगानं आपल्याकडून शिकावं असं काम इथं झालंय, आणि आपण एका म्हाताऱ्याला दारात अडवतोय."

सभेत माना डोलू लागल्या. तेवढ्यात बायकांमधून आवाज आला.

"गुरुजी, त्या माळावर मेलेल्यांच्या बायका राहत न्हवत्या."

बोलल्या त्या आक्का. मारल्या गेलेल्या भावाची बायको.

"मी कोर्टात रडले न्हाई, हितंबी रडणार न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला घरी न्या, न्हायतर आणि कुठं न्या. माझं घर त्याच्या घरापास्नं दोन रानं सोडून हाय. रोज पाण्याला जाताना मी त्याचं तोंड बघायचं का? माझ्या पोरीनं माहेरपणाला यायचं, तर वाटंत तो भेटायचा का? ह्याचं काय ते सांगा, मग सिनेमाचं बोला."

गुरुजी खाली बसले. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "आक्का, बरोबर आहे तुमचं. मग अटी तुम्ही सांगा."

त्या रात्री पटांगणात जे झालं, ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. आक्का एकेक अट सांगत गेल्या आणि सरपंचबाई वहीत उतरवत गेल्या. नानांनी विहिरीकडं फिरकायचं नाही. यात्रेला देवळात यायचं नाही. लग्नात, बारशात, पारावर बसायचं नाही. आक्काच्या दारावरून जायचं नाही. घर आणि घरापुढचं अंगण एवढीच त्यांची हद्द, आणि महिन्यातून एकदा पोलीस ठाणं. गुरुजींनी वही पायरीपर्यंत नेली. नानांनी अंगठा न देता सही केली, कारण सही करायला ते आतच शिकले होते. मग एक ओळ त्यांनी स्वतः वाढवली. तुटक अक्षरात लिहिलं: बांधावर पाय ठेवणार नाही.

दोन वर्षं नाना या हद्दीत राहिले. जन्मठेप तीच, बदलली होती फक्त जागा, आणि जागा बदलल्यानं काय काय बदलतं ते वस्तीनं पाहिलं. आत बराकीत त्यांना फरशीवर झोपावं लागे आणि सकाळी रांगेत उभं राहावं लागे. गुडघे वाकत नसताना उकिडवं बसण्याची शिक्षा वेगळी, ती कोणत्याही न्यायाधीशानं सुनावलेली नव्हती. घरी बाज होती आणि सुनेनं कोपऱ्यात खुर्चीचं शौचालय करून घेतलं होतं. आत आजारपणात दवाखान्याची तारीख मिळायची, पण न्यायला पोलीस गार्ड मिळायचा नाही आणि तारीख हुकायची. घरी आशाताई दारावर येऊन रक्तदाब बघून जायच्या.

पण ओझं नाहीसं झालं नव्हतं, ते सुनेच्या डोक्यावर आलं होतं. मुलगा टाळेबंदी उठताच गलाईच्या दुकानावर परत गेला. घरात पाहुणे येईनात. शाळेत नातवाला पोरं टोचून बोलत. नानांच्या गोळ्या, त्यांचा स्वयंपाक, ठाण्याच्या हजेरीची तारीख लक्षात ठेवणं, सगळं तिच्याकडं. सरकारनं म्हाताऱ्याला घरी पाठवलं, पण घराला एक छदामही पाठवला नाही. एकदा ती वैतागून म्हणाली, "नाना, तुमची शिक्षा मीच भोगतीय बघा." नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाजा विणायला सुरुवात केली. आत सतरंजीच्या मागावर बसून हाताला ती कला आली होती. महिन्याला चार पैसे घरात येऊ लागले.

2021 मध्ये नानांनी मुलाकरवी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज भरला. भूकरमापक आला, त्यानं नकाशा उलगडला आणि हद्द काढली. ती दीड हाताची पट्टी आक्काच्या गटात निघाली. म्हणजे मेलेल्या माणसाचं म्हणणं खरं होतं. नाना मोजणीला गेले नाहीत, कारण तिथं आक्का उभ्या होत्या. मुलानं हद्दीचे दगड रोवले, आक्कापुढं वाकून नमस्कार केला आणि परत फिरला. आक्कांनी आशीर्वाद दिला नाही. पण त्या साली पट्टी नांगरली गेली आणि तिच्यात बाजरी पेरली गेली.

त्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि महिनोन् महिने गाडी रस्त्यावर आली नाही. पोलीस ठाणं अकरा किलोमीटर. बांधावरून आडवं गेलं तर तीन किलोमीटर वाचतात, सारी वस्ती तसंच जाते. नाना पहाटे अंधारात निघायचे आणि हमरस्त्यानं वळसा घालून जायचे. आक्का त्या वेळी गोठ्यात असायच्या. लांब रस्त्यावर काठी टेकत सरकणारी आकृती त्यांना दिसायची. पहिल्या महिन्यात त्यांनी तोंड फिरवलं. पुढच्या महिन्यात उभ्या राहून बघितलं. कुणी पाहत नसताना, पाय मोडत असताना, हा माणूस बांधावर पाय ठेवत नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. कुणाला काही सांगितलं नाही.

मे 2022 मध्ये आकस्मिक पॅरोल बंद झाला आणि सगळ्यांना परत हजर व्हायचे आदेश निघाले. राज्यात काही कैदी परतले नाहीत, त्यांच्यावर नवे गुन्हे नोंदले गेले. नातू म्हणाला, "नाना, मामाच्या गावाला जावा की. तुम्हाला कोण शोधतंय?"

नाना म्हणाले, "मी पळालो तर पुढच्या म्हाताऱ्याला कोण सोडंल?"

सुनेनं भाकरी बांधून दिली. नाना मुदतीच्या आत जाऊन हजर झाले. तिथल्या कारकुनानं रजिस्टर पाहून सांगितलं, "आजोबा, ही दोन वर्षं शिक्षेत धरायची नाहीत." फर्लोचे दिवस शिक्षेत मोजले जातात, पॅरोलचे मोजले जात नाहीत, असा नियम आहे. जन्मठेपेच्या कैद्याला मुदतपूर्व सोडायचं, तर आधी प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढलेली असावी लागतात. ही अट कायद्यात 1978 पासून आहे. पुढं जानेवारी 2023 मध्ये गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की चौदा वर्षं मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. नानांची चौदा वर्षं 2021 मध्येच भरली असती. घराच्या अंगणात, हद्द सांभाळून, हजेरी देत काढलेली दोन वर्षं कागदावर कुठंच नव्हती.

त्याच सुमारास देशात सुटकेची मोठी योजना आली होती. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त साठी ओलांडलेल्या पुरुषांना आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना, निम्मी शिक्षा भोगली असेल तर, 15 ऑगस्ट 2022 पासून तीन टप्प्यांत सोडायचं ठरलं. पण जन्मठेपेचे कैदी त्यातून वगळले होते. खुल्या कारागृहाचा मार्गही नानांना कधीच बंद झाला होता. तिथं शेतात राबायला धडधाकट शरीर लागतं. ज्याच्या अंगात भिंत ओलांडायचं बळ आहे त्याला भिंतीबाहेर ठेवतात, आणि ज्याला पायरी उतरवत नाही तो भिंतीआड राहतो.

त्या पावसाळ्यात नाना बराकीच्या ओल्या फरशीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं.

चौदा वर्षं भरल्यावर त्यांच्या मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव निघाला आणि चौकशीचा कागद फिरत फिरत वस्तीवर आला. हवालदारानं झाडाखाली खुर्ची टाकली. अशा कागदावर काय लिहायचं हे ठरलेलं असतं: 'गावकऱ्यांचा विरोध आहे, शांततेस बाधा येण्याची शक्यता आहे.' ती एक ओळ वर्षानुवर्षं माणसांना आत ठेवते. ऑगस्ट 2023 मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं, की पोलिसांच्या किंवा न्यायाधीशांच्या अशा अहवालालाच अंतिम मानू नका. कैद्याचं आतलं वागणं, वय, प्रकृती, घरची परिस्थिती, सगळं पाहा. पण निकाल दिल्लीत होतो आणि ओळ झाडाखाली लिहिली जाते.

हवालदारानं आक्कांना बोलावलं. "काकू, तुमचा विरोध आहे ना? लिहू का?"

आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी सांगते तसं लिवा. माफी न्हाई."

हवालदारानं लिहिलं.

"आणि विरोधबी न्हाई."

हवालदाराचा हात थांबला. "काकू, दोन्ही कसं लिहायचं? माफ केलं नाही तर विरोध असणारच."

"का असणार?" आक्का म्हणाल्या. "माझा माणूस गेला. तो काय मोडक्या खुब्याचा म्हातारा आत पडून राहिला म्हणून येणार न्हाई. मला काय पायजे होतं? त्याचं तोंड दिसू नये, आणि त्यानं केलं ते त्यानं इसरू नये. तो आत होता तवा मला ठाऊक न्हवतं, त्याला आठवण हाय का न्हाई. घरी होता ती दोन वर्षं मला ठाऊक होतं. पट्टी माझी निघाली, ती त्यानं दिली. वळसा घालून चालला, बांध तुडवला न्हाई. माफी मी मरंपातूर देणार न्हाई, ती माझी हाय. शिक्षा सरकारची हाय, ती सरकारनं मोजून संपवावी. वहीतल्या अटी तेवढ्या ऱ्हाऊ द्या."

हवालदारानं ते सगळं तसंच उतरवलं. खाली आक्कांनी अंगठा दिला. सरपंचबाईंनी ती जुनी वही आणून जबाबाला जोडली.

काही महिन्यांनी नाना घरी आले, चाकाच्या खुर्चीतून. वहीतल्या अटी चालू राहिल्या. आक्का त्यांच्याशी कधीही बोलल्या नाहीत, आणि बोलायला हवं होतं असं वस्तीवर कुणी म्हटलं नाही.

या गोष्टीतली माणसं कल्पनेतली आहेत. तारखा, नियम आणि निकाल खरे आहेत, आणि नानांसारखे वृद्ध कैदी आज या क्षणी बराकींत आहेत. म्हणून तात्पर्य स्पष्ट सांगायला हवं.

पहिली गोष्ट, क्षमा आणि शिक्षेचा शेवट या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपण त्यांची गाठ बांधून ठेवली आहे. कैद्याला सोडायचं म्हटलं की पीडिताच्या घराला आपण विचारतो, "माफ केलंत का?" हा प्रश्न क्रूर आहे. तो दुखावलेल्या माणसावर उदार होण्याची सक्ती करतो, आणि त्यानं ती नाकारली तर दुसऱ्याच्या आयुष्याचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवतो. विचारायचंच असेल तर आक्कांना विचारलं तसं विचारावं: तुम्हाला सुरक्षित आणि सन्मानानं जगायला काय हवं? कोणत्या अटी हव्यात? त्याचं उत्तर सगळे देऊ शकतात, आणि तेच उत्तर उपयोगाचं असतं.

दुसरी गोष्ट, घरातली नजरकैद ही सूट नव्हे, ती शिक्षेचीच एक रीत आहे. हद्द, हजेरी आणि अटी असतील तर तिथं काढलेला प्रत्येक दिवस शिक्षेत मोजला गेला पाहिजे. मे 2021 मध्ये गौतम नवलखा यांच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या गर्दीची दखल घेतली, आणि वय, प्रकृती, पूर्वचरित्र, गुन्ह्याचं स्वरूप पाहून नजरकैदेचा विचार करता येईल असं सांगितलं. शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी असा मार्ग काढायचा का, हे मात्र कायदेमंडळावर सोपवलं. तो चेंडू अजून कायदेमंडळाकडंच आहे.

तिसरी गोष्ट, सोपे कैदी निवडून सुधारणा होत नाही. अमेरिकेनं 2018 च्या कायद्यानं साठी ओलांडलेल्या, दोन तृतीयांश शिक्षा भोगलेल्या केंद्रीय कैद्यांना घरी ठेवायचा प्रयोग केला. पण हिंसक गुन्ह्याचे कैदी वगळले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये मुदत संपल्यावर प्रयोगच थांबला. आपल्या अमृत महोत्सवी योजनेनंही जन्मठेप वगळली. तुरुंगात म्हातारं होतं कोण? ज्याची शिक्षा लांब आहे तो. ज्याचा गुन्हा मोठा आहे तो. त्यालाच वगळायचं, तर वृद्ध कैद्यांसाठीची योजना मोजक्याच वृद्धांपर्यंत पोहोचते. साऱ्यांना सरसकट सोडा असं कुणी म्हणत नाही. प्रत्येकाचं आजचं शरीर, आजचं वागणं आणि पीडिताच्या अटी तपासाव्यात. पंधरा वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचं एक कलम वाचून दार लावू नये.

आणि शेवटची गोष्ट, ज्या घरात कैदी पाठवायचा त्या घराला मदत दिल्याशिवाय हे चालणार नाही. नाही तर तुरुंगाचा खर्च सरकारच्या खात्यातून निघून एका सुनेच्या खांद्यावर जातो. औषधं, उपचार, थोडा निर्वाह आणि महिन्यातून एकदा दारावर येणारा परिविक्षा अधिकारी, एवढं द्यायलाच हवं. तुरुंगात एका आजारी म्हाताऱ्यामागं जे मनुष्यबळ लागतं, त्यापुढं हे जास्त नाही.

न्याय माणसाला शिक्षा देतो तेव्हा तिला माप देतो. ते माप पाळणं हे गुन्हेगाराचं कर्तव्य आहे, तसंच ते आपलंही आहे. माप भरल्यावरही आपण देत राहिलो, तर त्या जादा शिक्षेचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल. आक्कांना कायद्याचं पुस्तक माहीत नव्हतं. पण माफी आपल्याकडं ठेवून शिक्षा संपू देण्याइतकं मोठं मन त्यांच्याकडं होतं. त्यांच्या जबाबातल्या त्या दोन ओळी, माफी नाही आणि विरोधही नाही, मुदतपूर्व सुटकेच्या चौकशीच्या प्रत्येक कागदावर लिहायला जागा असली पाहिजे.